गूज फोर्डचा साखळीवाला

ऐका. ही गोष्ट आपल्या गावची नाही, आपल्या मुलखाचीही नाही. साता समुद्रापार अमेरिकेत गवताचा एक प्रचंड प्रदेश आहे. तिथं माणूस उभा राहिला तर चहूकडे गवत आणि वर आभाळ, मधे काही नाही. तिथली ही गोष्ट. पण गोष्ट जमिनीची आहे, आणि जमिनीची गोष्ट आपल्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात ते आपणच की.

तर फार वर्षांपूर्वी, आगगाडीचे रूळ त्या मुलखाच्या उंबऱ्याशी येऊन थांबले होते तेव्हा, तिथल्या सरकारनं कायदा केला. जो येईल, घर बांधेल, पाच वर्षं राहून जमीन कसेल, त्याला एकशे साठ एकर. मग काय, बोटी भरभरून माणसं आली. ज्यांच्या घरी खायची मारामार होती ती नॉर्वेहून आली, आयर्लंडहून आली. आता जमीन द्यायची तर ती आधी मोजायला हवी, आणि मोजायची तर मोकळी हवी. नदीकाठी जे लोक पिढ्यानपिढ्या मका पिकवून राहत होते त्यांना सैनिकांनी उठवलं आणि चारशे मैल दक्षिणेला नेऊन सोडलं. त्या लोकांचं खरं नाव काय होतं, ते गूज फोर्ड गावातल्या माणसांना आजही धड सांगता येत नाही. ते त्यांना नुसतं नदीवाले म्हणत. नाव विचारायचं राहून गेलं.

गूज फोर्ड हे गाव तेव्हा नव्हतं. नदीला एक उथळ उतार होता, आणि उताराशी मोजणीवाल्यांनी पुरलेला एक दगड. त्या दगडापासून मोजणीची टोळी गवतात शिरली. टोळीत हाल्वर नावाचा एक नॉर्वेकर होता. उंच, पिवळ्या दाढीचा, कामाला वाघ आणि तोंडानं मुका. तो साखळीचं मागचं टोक धरायचा.

साखळी शंभर कड्यांची, सहासष्ट फूट लांब. अशा ऐंशी साखळ्या टाकल्या की मैल झाला. पुढचा माणूस टोक घेऊन चालायचा, मागचा आपलं टोक धरून उभा राहायचा. साखळी ताणली गेली की मागचा ओरडायचा, "रोव!" पुढचा जमिनीत लोखंडी सळई खुपसून उत्तर द्यायचा, "रोवली!" मग दोघं पुढं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या गवतात हेच दोन शब्द. मैल भरला की हद्दीचा खुंटा ठोकायचा. खुंट्याखाली खड्डा खणून कोळसा पुरायचा, कारण लाकूड कुजतं, पण कोळसा मातीत शंभर वर्षं जसाच्या तसा राहतो. खुंटा हरवला तरी कोळसा सापडला की हद्द सापडली.

कामावर घेताना साखळीवाल्याला बायबलवर हात ठेवायला लावत. साखळी सरळ धरीन, खरं तेच अंतर सांगीन. हाल्वरनं शपथ घेतली होती. शिवाय त्याच्याकडे आणखी एक काम होतं. चालून चालून साखळीच्या कड्या झिजतात आणि साखळी लांबते. म्हणून पेटीत एक कोरी साखळी ठेवलेली असे, आणि रोज सकाळी कामाची साखळी तिच्याशी लावून बघायची, हे मागच्या माणसाचं काम. पण टोळीला पैसे मैलावर मिळत. साहेब रोज सकाळी म्हणायचा, "उद्या बघू, हाल्वर. आज चाल." आणि हाल्वर चालायचा. उन्हाळाभर पेटी उघडली नाही. गवत सुकायला लागलं तोवर साखळी दोन बोटं लांबली होती.

एके दिवशी नदीच्या दगडापासून नवी रेघ धरली, आणि दुपारी ऐंशी साखळ्या एका टेकाडावर भरल्या. पुढच्या माणसानं सळई रोवली ती नेमकी एका छोट्या उंचवट्यात. कडेनं नदीतले गोल दगड मांडलेले. उंचवटा एवढा लहान, की आत कोण असेल ते कुणालाही कळावं. हाल्वरनं साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाला, "रेघ वाकत नसते. खण."

हाल्वरनं खणलं. हाडं निघाली, चमच्याच्या दांड्याएवढी. ती त्यानं मातीबरोबर बाजूच्या ढिगात टाकली, खाली कोळसा घातला, खुंटा ठोकला. त्याला वाईट वाटलं का? वाटलं असणार. पण वाईट वाटून थांबला तर माणूस कसला, असं तेव्हा समजत.

तेव्हा गवतात एक म्हातारी बसलेली दिसली. सगळे नदीवाले गेले, ही एकटी मागं राहिली होती. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. ती ओरडली नाही, रडली नाही. व्यापाऱ्यांकडून शिकलेल्या मोडक्या भाषेत तिनं विचारलं, "तुझं नाव काय?" त्यानं सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना. मग ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, हालवा, हालवर, हाल्वर, अगदी बरोबर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सैनिक तिलाही घेऊन गेले.

मोजणी संपली आणि हाल्वरनं स्वतःसाठी जमीन मागितली. मोजणीवाल्याला चांगला तुकडा आधी दिसतो, हे जगात कुठंही सारखंच. टेकाडापासून अर्ध्या मैलावर काळी जमीन होती, जवळ पाणी होतं. तिथं त्यानं गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांचं घर बांधलं, बोटीनं बायको आणली. सिग्रिड तिचं नाव. वर्षभरात मुलगी झाली, मारित. शेजारीपाजारी माणसं येऊन वसली, उताराशी दुकान झालं, लोहाराचा भाता झाला, गावाला नाव पडलं. हाल्वरच्या दारातून टेकाडावरचा खुंटा दिसायचा. तो तिकडे बघायचा नाही.

मारित चार वर्षांची झाली आणि शरदात घटसर्पाची साथ आली. दोन दिवसांत पोर गेली. घरामागं तिला पुरलं. सिग्रिडनं वर नुसती माती थोपटली, कारण त्या गवतात आसपास ठेवायला दगडसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वरनं दार उघडलं आणि टेकाडावर खुंटा नव्हता. तो अलीकडे होता. बरोबर एक साखळी अलीकडे.

तिसऱ्या दिवशी आणखी एक साखळी.

आधी त्याला वाटलं, कुणी टवाळखोर असेल. त्यानं खुंटा उपटून अंदाजानं टेकाडावर परत नेऊन ठोकला. सकाळी तो पुन्हा पुढं. हाल्वरनं तो चुलीत घातला. सकाळी तोच खुंटा एका बाजूनं जळालेला, आणखी एक साखळी अलीकडे, आणि त्याच्या बुडाशी ओली माती, ताजा कोळसा. मागं मात्र कालच्या खड्ड्याची खूणही नाही. टेकाडावर तर असं सलग गवत, की जणू तिथं कधी फावडं लागलंच नव्हतं; कडेचे गोल दगडही दिसेनात. एकदा तो खुंट्यावर हात ठेवून बसून राहिला. पहाटेचं धुकं आलं आणि गेलं, एवढंच. हात मोकळ्या हवेत होता. गावात आधी लोक हसले, मग बघायला आले, आणि एकदा पाहून गेलेला माणूस पुन्हा त्या वाटेनं आला नाही, असं म्हणतात.

हाल्वर साखळीवाला होता. खुंट्याची रेघ कुठं चालली आहे हे त्याला मोजावं लागलं नाही. टेकाड ते मारितची कबर, चाळीस साखळ्या.

बत्तीस दिवस तो गप्प राहिला. तेहतिसाव्या दिवशी सिग्रिडनंच विचारलं, "ते इकडे का येतंय?"

"मारितकडे येतंय," हाल्वर म्हणाला. "आणखी सात दिवस. मग ते तिच्यात ठोकलं जाणार." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

सिग्रिडनं हातातलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "कुणाचं पोर होतं?"

"विचारलं नाही."

"मुलगा का मुलगी?"

"नाही विचारलं, सिग्रिड."

"आणि मला तू त्याच मातीत आणलंस. माझी पोर तिथंच खेळवलीस." तिनं त्या दिवशी त्याच्यासाठी चूल पेटवली नाही. पण सकाळी शाल गुंडाळून दारात उभी राहिली. "चल. जे उकरलंस ते शोधू. जसं होतं तसं ठेवू."

पण शोधणार कसं? टेकाडावर सगळीकडे एकसारखं गवत. हाल्वरनं मोजणी कचेरीतून कोरी साखळी मागून आणली. दोघांनी नदीच्या दगडापासून ऐंशी साखळ्या टाकल्या, टेकाडावर जागा धरली, खणलं. कंबरेएवढं खणलं. गवताची मुळं आणि काळी माती. कुणाचं हाड नाही, कोळशाचा कण नाही.

आणि तिथं खड्ड्यात उभ्या उभ्या हाल्वरला उमगलं. ही जागा बरोबर होती. सरकारची खरी हद्द इथंच पडत होती, ह्या रिकाम्या जागेत. त्या वर्षीची साखळी लांबली होती म्हणून खुंटा पुढं सरकून कबरीत गेला. दर साखळीमागं दोन बोटं. रोज सकाळी पेटी उघडायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्या वेळासाठी. तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. इतक्या वर्षांत सिग्रिडनं त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

चुकलेली जागा चुकलेल्या साखळीनंच सापडणार होती. ती साखळी कुठं होती? टोळीत पुढचं टोक धरणारा डर्मट नावाचा आयरिश गडी आता गावात लोहारकाम करत होता, आणि त्यानं ती जुनी साखळी आपल्या विहिरीच्या बादलीला लावली होती. हाल्वरनं मागितली तेव्हा डर्मटनं निमूट बादली सोडवली. "घेऊन जा," तो म्हणाला, "आणि परत आणू नकोस बाबा. मी दोरानं पाणी काढीन. पण टोक धरायला मला बोलावू नको."

मग पुढचं टोक सिग्रिडनं धरलं. खुंटा तेव्हा मारितपासून दोन साखळ्यांवर येऊन उभा होता.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. हाल्वर मागून ओरडला, "रोव!" सिग्रिडनं सळई खुपसली, आणि ती तोंड उघडणार तोच पुढून, गवतातून आवाज आला, "रोवली!" बारीक आवाज. लहान पोराचा. पण सिग्रिड थांबली नाही, आणि तिनं मागं वळून नवऱ्याला विचारलंही नाही की तूही ऐकलंस का, कारण त्याचा चेहरा तिला दिसत होता. ऐंशी वेळा हाल्वर ओरडला आणि ऐंशी वेळा उत्तर आलं, दर वेळी एक साखळी पुढून. शेवटचं उत्तर त्यांच्या पायाखालून आलं, असं म्हणतात.

तिथं खणलं. फावड्याला आधी कोळसा लागला, मग शेजारच्या मातीत ती हाडं.

"हाल्वर," कुणीतरी म्हणालं. अगदी नीट, एकही अक्षर न चुकता.

म्हातारी गवतात बसली होती. तेव्हा बसली होती तिथंच. पायांत काही नव्हतं आणि पाय फुटले होते. तिनं सांगितलं ते असं. सैनिकांची नजर चुकवून ती दक्षिणेहून पायी निघाली, त्याला आज अडतीस दिवस झाले. नातीला न्यायला आली होती. सिग्रिडनं मनात मोजलं. खुंटाही अडतीसच साखळ्या चालला होता.

"माझ्या लेकीला सोड," हाल्वर हात जोडून म्हणाला.

म्हातारीनं त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "तुझ्या लेकीशी माझं काय वैर? खुंटा मी नाही ठोकला. तू ठोकलास, तो तुला शोधतोय. त्या दिवशी तू विचारलं असतंस, तर मी म्हटलं असतं, बाबा, दोन पावलं सरक. एवढंच म्हणायला बसले होते मी इथं. पण तू विचारलंच नाहीस."

हाल्वरनं विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, "इथं ही आता राहणार नाही. तिला उचल. पण मोजलेल्या जमिनीत ठेवू नकोस. जिथं साखळी फिरली नाही, अशा जागी ठेव."

सिग्रिड घरी जाऊन मारितचं पांघरूण घेऊन आली. हाडं त्यात बांधली. मग ती म्हातारीजवळ बसली आणि तिनं मुलीचं नाव विचारलं. म्हातारीनं तिच्या कानात सांगितलं. सिग्रिड पुढं नव्वद वर्षांची होऊन वारली, पण ते नाव तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचा हक्क आपला नाही, म्हणायची.

हाल्वरनं गाठोडं पाठीला बांधलं आणि तो म्हातारीमागून पश्चिमेला निघाला. सिग्रिडनं त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "लवकर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटा मारितपासून तीन साखळ्यांवर होता. त्यानंतर चार. हाल्वर चालत होता आणि खुंटा रोज एक साखळी मागं जात होता. सिग्रिड रोज सकाळी दार उघडायची, खुंटा बघायची आणि मग भाकरी थापायला घ्यायची. नवरा जिवंत आहे, चालतो आहे, हे तिला कळत होतं. दुसरं पत्र नव्हतं की निरोप नव्हता. थंडीत खुंटा टेकाडावर पोचला. आता थांबेल, तिला वाटलं. जागा मिळाली असेल, आता तो येईल.

खुंटा थांबला नाही. टेकाड ओलांडून पलीकडे उतरला. शेजाऱ्याच्या शेतात दिसला, मग त्याच्या शेजाऱ्याच्या. पुढं तो सिग्रिडच्या नजरेआड गेला. पुढच्या वर्षी लांबून आलेले गाडीवान सांगू लागले, की नांगरलेल्या रानात एक अर्धवट जळालेला खुंटा उभा होता आणि परतताना तिथं नव्हता.

बऱ्याच वर्षांनी दक्षिणेहून एक पोक्त माणूस आगगाडीनं गूज फोर्डला आला. त्या म्हातारीच्या दुसऱ्या लेकाचा नातू. पुढची हकीकत त्यानं सिग्रिडला सांगितली. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात एकटीच घरी परतली होती. ती सांगायची, आम्ही दोघं गवत संपेपर्यंत चाललो. जिथं चांगली जागा दिसे तिथं हाल्वर गाठोडं उतरवी, गुडघ्यावर बसून हातानं माती उकरी. वीतभर खणलं की कोळसा. दुसरीकडे खणलं, कोळसा. नदीकाठी कोळसा, डोंगराच्या पायथ्याशी कोळसा. आमच्याआधी साखळी सगळीकडे जाऊन आली होती. मग तो मला म्हणाला, आजी, तुझे पाय गेले, तू घरी जा. मी शोधतो. ती म्हातारी आजी म्हणवून घ्यायला तयार झाली का, ते मात्र त्या माणसानं सांगितलं नाही.

सिग्रिडनं ती जमीन आपल्या नावावर करून घेतली नाही. पाच वर्षं भरली होती, कागद आला, तिनं सही केली नाही. तिथं पुन्हा गवत वाढलं. मारितची कबर आज नेमकी दाखवता येत नाही, पण तिच्या आसपास कुठंही खुंटा नाही, कुंपण नाही.

आणि हाल्वर? कुणी म्हणतं तो अजून चालतोच आहे. कुणी म्हणतं, छे, माणूसच तो, कुठंतरी थकला असेल, आणि जिथं थकला तिथं त्यानं त्या पोरीला ठेवलं असेल, मोजलेली का असेना, आणि शेजारी स्वतः पडला असेल. ती जागा कुठली, ते कुणालाच माहीत नाही. कुठलीही असू शकते. तुमच्या अंगणातलीसुद्धा.

म्हणून गूज फोर्डमध्ये आजही कुणी एकदम खणत नाही. घराचा पाया असो, कुंपणाचा खांब असो, नाहीतर कुणाची कबर असो. फावडं आडवं ठेवायचं, डोक्यावरची टोपी काढायची, जमिनीला हात लावायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "इथं कुणी आहे का?" मग थांबायचं. ह्याला ते हाल्वरचं विचारणं म्हणतात. नळाचे चर खणायला शहरातून मशीनवाला आला होता, तो खो खो हसला. गावकरी हसले नाहीत. ते टोप्या हातात घेऊन नुसते उभे राहिले, तेव्हा त्यानं हळूच इंजिन बंद केलं आणि आपली टोपी काढली.

बहुतेक वेळा उत्तर येत नाही. नव्या शाळेच्या पायाभरणीला सगळं गाव जमलं होतं. दोरी मारून झाली होती, नकाशे मंजूर होते, सिमेंट येऊन पडलं होतं. गावच्या सर्वांत वयस्क बाईनं जमिनीला हात लावून विचारलं. दुसऱ्या दिवशी शाळेचा पाया पन्नास फूट पूर्वेला खणला गेला. नकाशे नवे काढावे लागले, सिमेंट भिजून फुकट गेलं, आणि कुणीही तक्रार केली नाही. त्या दिवशी तिथं हजर असलेली काही माणसं अजून हयात आहेत. काय ऐकलं, असं त्यांना विचारलं तर ती एवढंच सांगतात, की आम्ही विचारलं, जमिनीतून तिनं सांगितलं, आणि आम्ही सरकलो.